थांबलेल्या वेळेचा हिशोब

१२ जानेवारी २०२०. पहाट. रियाधच्या बाहेर हायवेलगतच्या एका पेट्रोल पंपाशेजारी मी आणि आमचा मल्याळी फोरमन कागदी कपातला चहा धरून उभे होतो. बोलताना तोंडातून वाफ येत होती. सौदीत स्वेटर लागतो हे आमच्या गावात आजही कुणाला पटत नाही.

आम्ही डकार बघायला आलो होतो. डकार रॅली त्या वर्षी पहिल्यांदाच सौदीत आली होती. आदल्या दिवशी रियाधमध्ये सगळ्यांना सुट्टी होती आणि आता गाड्या दक्षिणेकडे, वादी अद-दवासिरच्या दिशेने निघाल्या होत्या. त्या दिवसाचा एकूण पल्ला ७४१ किलोमीटर. त्यातली घड्याळ लावून केलेली खरी शर्यत ५४६ किलोमीटर, सगळी वाळवंटातून. हायवेवरचा तुकडा म्हणजे शर्यत सुरू होते तिथपर्यंतचा नुसता प्रवास. तिथं वाहतुकीचे साधे नियमच लागू. त्यामुळे जे दिसलं ते बघून फोरमन हिरमुसला. लांबून एक दिवा मोठा होत यायचा, जाडजूड जॅकेटमधला एक माणूस उंच मोटरसायकलवरून समोरून जायचा आणि मागचा लाल दिवा लहान होत जायचा. बस.

"ये तो मेरे माफिक ही चला रहा है," फोरमन म्हणाला.

मी मात्र मोजत होतो. ती माझी सवय आहे. मी एका बांधकाम साइटवर सेफ्टी ऑफिसर आहे. सकाळी गेटमधून जितकी माणसं आत गेली तितकीच संध्याकाळी बाहेर यावीत, यासाठी मला पगार मिळतो. उंचावर चढणाऱ्याच्या अंगात हार्नेस आहे का, त्याचा हुक कुठे अडकवलाय, क्रेनच्या खाली कोण उभं आहे, हे बघत बघत माझं आयुष्य चाललंय. अशा माणसाने डकार बघायला पहाटे चारला उठावं हा विनोदच होता. जिथं दरवर्षी कुणी ना कुणी मरेल अशी शंका घेऊनच लोक सुरुवात करतात, तो खेळ मी टाळ्या वाजवायला बघत होतो.

हा नाद मला धाकट्या भावाने लावला. तो कराडला असतो, एमआयडीसीत नोकरी करतो आणि उरलेला सगळा वेळ बाइकला देतो. २०१५ च्या जानेवारीत त्याचा फोन आला होता. "दादा, बेंगळुरूचा सी. एस. संतोष डकार पुरी करून आला. पहिला भारतीय! छत्तिसावा नंबर."

"छत्तिसाव्या नंबरचं काय कौतुक?" मी म्हणालो.

"अरे, तिथं शेवटपर्यंत पोहोचणं हाच नंबर असतो."

मग त्याने मला व्हिडिओ पाठवायचा सपाटाच लावला. त्यातून मला हळूहळू कळत गेलं की हा खेळ वेगापेक्षा वाट शोधण्याचा आहे. रायडरसमोर हँडलवर रोडबुक असतं. अमुक किलोमीटरला डावीकडे वळा, तमुक ठिकाणी कोरडी नदी, पुढे ढिगाऱ्यामागे उतार. मोबाइलसारखा निळा ठिपका दाखवणारा नकाशा मिळत नाही. धोक्याच्या जागी उद्गारचिन्हं असतात. एक म्हणजे सांभाळून, दोन म्हणजे फार सांभाळून, तीन म्हणजे इथं चुकलात तर संपलं. हे सगळं उभं राहून, हादरे खात, धुळीत, ताशी शंभरच्या पुढे असताना वाचायचं. असे दोन आठवडे. त्या वर्षी सौदीतला एकूण रस्ता साडेसात हजार किलोमीटरच्या वर होता.

"आणि मेला तर?" मी भावाला विचारायचो.

"दादा, खंबाटकीच्या घाटात मरत नाहीत काय लोक?"

यावर माझ्याकडे उत्तर नसायचं. त्याचं कारण भावाला माहीत नव्हतं. त्याच्याकडे मी शेवटी येईन.

*

आम्ही साइटवर परत आलो. दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोरमनने मोबाइल माझ्यासमोर धरला. पाउलो गोन्साल्व्हिस गेला होता.

पोर्तुगालचा गोन्साल्व्हिस त्या वर्षी आपल्या हीरोच्या टीमकडून उतरला होता, म्हणून आम्हा भारतीयांना तो आपला वाटायचा. वय ४०. ही त्याची तेरावी डकार. २०१३ मध्ये तो या प्रकारच्या रॅलींचा जगज्जेता झाला होता, २०१५ मध्ये डकारमध्ये दुसरा आला होता. याच रॅलीत तिसऱ्या टप्प्यावर त्याचं इंजिन बसलं होतं. तो वाळवंटात थांबून राहिला, इंजिन बदललं आणि पुढे निघाला. जिंकण्याची आशा संपलेली होती, पण त्याला ती पुरी करायची होती. सकाळी आमच्या समोरून गेलेल्या दिव्यांपैकी एक त्याचा असणार. कुठला, ते सांगता येत नाही.

२७६ व्या किलोमीटरला तो पडला. आयोजकांकडे सकाळी १०.०८ ला इशारा पोहोचला. १०.१६ ला वैद्यकीय हेलिकॉप्टर त्याच्याजवळ उतरलं होतं. तो बेशुद्ध होता, हृदय बंद पडलं होतं. लैला गावच्या रुग्णालयात त्याला मृत घोषित केलं.

मी ते दोन आकडे पुन्हा पुन्हा बघत राहिलो. १०.०८ आणि १०.१६. आठ मिनिटं. ओसाड वाळवंटात, जिथं धड रस्ता नाही, तिथं आठ मिनिटांत डॉक्टर. माझ्या साइटपासून रुग्णालय इतकं जवळ असूनही आमच्या सरावात याच्या दुप्पट वेळ लागला होता. माझ्या धंद्यात आम्हाला शिकवतात की यंत्रणा चांगली असेल तर माणूस वाचतो. इथं यंत्रणेने जे करायचं ते सगळं केलं होतं, आणि माणूस वाचला नव्हता.

संध्याकाळी आणखी एक बातमी आली, आणि खरं तर हा लेख त्या बातमीसाठी लिहितोय. गोन्साल्व्हिसजवळ टोबी प्राइस थांबला होता. ऑस्ट्रेलियाचा प्राइस म्हणजे आदल्या वर्षीचा विजेता, दुसऱ्या कंपनीच्या टीमचा, जिंकण्यासाठीच आलेला. तो मोटरसायकल टाकून खाली बसला, गोन्साल्व्हिसला हेलिकॉप्टरमधून नेईपर्यंत तिथंच राहिला. आणखीही काही जण थांबले. मग प्राइस उठला आणि उरलेला टप्पा पूर्ण केला. एवढा वेळ गेल्यावर तो यादीत खूप खाली जायला हवा होता. गेला नाही. आयोजकांनी त्याचा थांबलेला वेळ मोजला आणि परत दिला.

हा डकारचा नियम आहे. पडलेल्या माणसासाठी जो थांबतो, त्याची तिथं गेलेली मिनिटं त्याच्या एकूण वेळेतून वजा होतात. गाडीवरच्या उपग्रह यंत्रात नोंद असते की हा कुठे, किती वाजता थांबला आणि किती वाजता निघाला. म्हणजे दया दाखवली तर शाबासकी मिळते असंही नाही आणि शिक्षा होते असंही नाही. तुम्ही जिथं होतात तिथंच राहता. बक्षीस नाही, म्हणूनच मला तो नियम इतका आवडला. तो एवढंच म्हणतो की थांबल्याचा खर्च तुझ्या खिशातून जाणार नाही.

हाच गोन्साल्व्हिस चार वर्षांपूर्वी दुसऱ्या बाजूला होता. २०१६ मध्ये बोलिव्हियात ऑस्ट्रियाचा माथियास वाल्कनर पडला आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. गोन्साल्व्हिस तेव्हा पहिल्या क्रमांकासाठी लढत होता. तो थांबला. मदत येईपर्यंत वाल्कनरजवळ राहिला आणि मग निघाला. त्यालाही त्याचा वेळ परत मिळाला. वाल्कनर बरा झाला आणि २०१८ मध्ये डकार जिंकला.

दुसऱ्या दिवशी मोटरसायकल आणि क्वाडचा टप्पा शोक म्हणून रद्द झाला. हीरोची टीम रॅलीतून बाहेर पडली. त्या टीममध्ये जोआकिम रॉड्रिग्ज होता, गोन्साल्व्हिसचा मेहुणा. त्याच वर्षी नेदरलँड्सचा एडविन स्ट्रावर अकराव्या टप्प्यात पडला आणि २४ जानेवारीला गेला. तो कुठल्याही मदतनिसाशिवाय, आपली गाडी आपणच दुरुस्त करत शर्यत करणाऱ्यांच्या गटात आदल्या वर्षी पहिला आला होता.

*

आता थोडं मागे जाऊ, कारण आठ मिनिटांत पोहोचणारी ती यंत्रणा आकाशातून पडलेली नाही.

फ्रेंच मोटरसायकलस्वार तिएरी साबीन १९७७ मध्ये एका रॅलीत सहाराच्या वाळवंटात हरवला आणि मरता मरता वाचला. एखादा माणूस पुन्हा वाळवंटाचं नाव काढला नसता. साबीनने पॅरिस ते डकार अशी रॅलीच सुरू केली. २६ डिसेंबर १९७८ ला पॅरिसहून १८२ गाड्या निघाल्या. सेनेगलच्या समुद्रकिनाऱ्यावर ७४ पोहोचल्या. त्या पहिल्याच वर्षी एक मोटरसायकलस्वार मेला. १९८६ च्या जानेवारीत वाळूच्या वादळात मालीमध्ये हेलिकॉप्टर कोसळून साबीन स्वतः आणि आणखी चार जण गेले.

तेव्हा हरवणं म्हणजे खरंच हरवणं होतं. १९८२ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचा मुलगा मार्क अल्जीरियाच्या वाळवंटात सहा दिवस बेपत्ता होता. पंतप्रधानांचा मुलगा असल्यामुळे विमानं शोधायला गेली. २००९ मध्ये, रॅली दक्षिण अमेरिकेत गेल्यावरही, फ्रान्सचा पास्कल टेरी अर्जेंटिनात दोन दिवसांहून जास्त काळ सापडला नाही. सापडला तेव्हा तो मोटरसायकलपासून थोड्याच अंतरावर मरून पडलेला होता. २०१५ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी आपला संतोष छत्तिसावा आला आणि भाऊ फोनवर नाचत होता, त्याच रॅलीत पोलंडचा मिखाल हेर्निक उष्णतेने मेला. त्या फोनमध्ये भावाने त्याचं नाव काढलं नव्हतं. बहुधा त्यालाही माहीत नसावं. पूर्ण करणाऱ्याची बातमी आपल्यापर्यंत येते, न पोहोचलेल्याची शोधावी लागते.

आज प्रत्येक गाडीवर असं यंत्र असतं की जोराचा धक्का बसून गाडी थांबली की फ्रान्समधल्या नियंत्रण कक्षात घंटी वाजते. मागून येणाऱ्याला पुढे कुणी पडलंय याचा इशारा मिळतो. मोटरसायकलवाल्याला तीन लिटर पाणी अंगावर बाळगावंच लागतं. पेट्रोल भरताना पंधरा मिनिटं सक्तीने थांबावं लागतं, मनात असो वा नसो. ४५० सीसीच्या वरची इंजिनं बंद झाली. २०२१ पासून एअरबॅगचं जॅकेट सक्तीचं झालं, म्हणजे गोन्साल्व्हिस आणि स्ट्रावर गेल्यानंतरच्या वर्षी.

आमच्या धंद्यात एक कडू गोष्ट सगळ्यांना माहीत असते. सेफ्टीच्या पुस्तकातला प्रत्येक नियम कुणाच्या तरी मरणानंतर लिहिलेला असतो. डकारचं नियमपुस्तकही तसंच वाचता येतं. आणि तरीही २०२१ मध्ये, एअरबॅग जॅकेट असतानाही, आपला सी. एस. संतोष चौथ्या टप्प्यात पडला. हेलिकॉप्टरने त्याला रियाधला आणलं, डॉक्टरांनी औषधं देऊन कोमात ठेवलं. मी त्याच शहरात होतो. त्या आठवड्यात भाऊ मला दिवसातून तीनदा फोन करायचा, जणू मी रुग्णालयाच्या दारातच उभा आहे. संतोष वाचला. त्याच रॅलीत फ्रान्सचा पिएर शेरपँ वाचला नाही. २०२४ मध्ये स्पेनचा कार्लेस फाल्कोन दुसऱ्या टप्प्यात पडला आणि आठवड्याभराने गेला.

पण या हिशोबात एक मोठं भोक आहे, आणि ते लपवलं तर मी माझ्या पेशाशी खोटा ठरेन. आतापर्यंत जी नावं घेतली त्या सगळ्यांनी फॉर्मवर सही केली होती. काय होऊ शकतं ते त्यांना माहीत होतं. २००६ मध्ये रॅली आफ्रिकेतून जात असताना शेवटच्या काही दिवसांत दोन मुलगे गाड्यांखाली गेले, एक गिनीमध्ये, एक सेनेगलमध्ये. एक दहा वर्षांचा, एक बारा. त्यांनी कशावरही सही केली नव्हती. त्यांच्या गावावरून रॅली जात होती आणि ते बघायला आले होते, जसे आम्ही लहानपणी सायकल शर्यत आली की रस्त्यावर धावायचो. या रॅलीत आजवर सत्तरच्या आसपास माणसं गेली असं सांगतात. त्यात शर्यत न करणारेही बरेच आहेत.

स्वतःचा जीव धोक्यात घालायचा हक्क माणसाला असावा, हे मला भावाशी भांडून भांडून पटत गेलं. दुसऱ्याचा घालायचा हक्क मला कधीच पटणार नाही. सहाराच्या त्या गावांना कुणी विचारलं होतं? २००७ च्या डिसेंबरमध्ये मॉरिटानियात चार फ्रेंच पर्यटकांची हत्या झाली आणि रॅलीवरही हल्ला होईल या भीतीने २००८ ची डकार सुरू व्हायच्या आदल्या दिवशी रद्द झाली. त्यानंतर ती आफ्रिका सोडून गेली. शर्यत करणाऱ्यांच्या जिवाला धोका आहे म्हटल्यावर ती एका दिवसात थांबली. गावातल्या मुलांसाठी ती तशी थांबली नव्हती.

*

आता माझ्या साइटवरची गोष्ट.

गोन्साल्व्हिस गेल्यानंतर काही आठवड्यांनी आमच्याकडे क्रेनने काँक्रीटचे तयार स्लॅब चढवायचं काम चालू होतं. दुपारी वारा सुटला. दोर बांधणारा एक बिहारी पोरगा होता, बाविशीचा. लोंबकळणारा स्लॅब जरा जास्तच फिरतोय असं त्याला वाटलं आणि त्याने हात वर करून काम थांबवलं. हे करायचा अधिकार आमच्याकडे प्रत्येकाला आहे. तसं गेटवर पाच भाषांत लिहिलंय. चाळीस मिनिटांनी वारा पडला, काम पुन्हा सुरू झालं. महिनाअखेरीस कळलं की त्याच्या टोळीचा त्या दिवसाचा ओव्हरटाइम कापला गेलाय. ठरलेले स्लॅब चढले नव्हते ना. टोळीतले इतर त्याच्याशी बोलेनासे झाले होते.

मी त्याला विचारलं, "फिर से हवा चली तो रोकेगा?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "देखेंगे साहब."

त्या "देखेंगे"चा अर्थ मला कळत होता. तो आता थांबवणार नव्हता. आम्ही पाटीवर अधिकार लिहिला होता आणि त्याचा खर्च त्याच्या पगारातून वसूल केला होता.

मी मॅनेजरकडे गेलो. हार्नेस, जाळ्या, हेल्मेट यांवर मी नेहमी भांडतो. त्या दिवशी मी वेळेवर भांडलो. म्हटलं, धोका दिसला म्हणून काम थांबलं तर ती मिनिटं काम केल्यातच धरा, पगारातही आणि टार्गेटमध्येही. तो म्हणाला, मग सगळे दिवसभर थांबतील. मी त्याला टोबी प्राइसची गोष्ट सांगितली. त्याला डकारमध्ये काही रस नव्हता. तीन महिने लागले, मध्ये कोविड आला, काम बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. शेवटी एक वही आली. थांबल्याची वेळ, निघाल्याची वेळ, कारण, थांबवणाऱ्याचं नाव. पहिला महिनाभर वही कोरी राहिली. कुणाचा विश्वासच नव्हता. मग एका फिटरने मचाणाची एक पट्टी हलतेय म्हणून पंधरा मिनिटं काम थांबवलं आणि महिनाअखेरीस त्याचा पगार पूर्ण आला. त्यानंतर वही भरायला लागली.

दिवसभर कुणीही थांबलं नाही. लोकांना काम करायचंच असतं.

*

आता ते कारण.

२०११ सालचा जून. सेफ्टीचा डिप्लोमा करून मी दीड वर्ष घरी बसलो होतो. आखाती नोकरीसाठी पुण्यात मुलाखत होती, सकाळी दहाची. एजन्सीवाल्याने बजावलं होतं की दहा म्हणजे दहा, दारात पन्नास पोरं उभी असतात. वडिलांनी त्यासाठी आधीच पैसे भरले होते. मी मित्राची स्प्लेंडर घेऊन कराडहून पहाटेच निघालो. साताऱ्यापुढे पावसाने गाठलं, अर्धा तास एका टपरीत गेला.

खंबाटकीचा बोगदा ओलांडला की पुढे ते एस आकाराचं वळण लागतं. त्या रस्त्याने गेलेल्या प्रत्येकाला ते माहीत आहे. वळणाच्या कडेला एक मोटरसायकल आडवी पडली होती. तिच्यापासून पाचसहा फुटांवर एक माणूस. पांढरा शर्ट, एका पायात चप्पल. त्याने हात उचलला. मला बघून उचलला की नुसताच हलला, ते मी आजही ठामपणे सांगू शकत नाही. मी वेग कमी केला. मनात हिशोब झाला. थांबलो तर गाडी शोधा, दवाखाना, मग पोलीस, मग जबाब. दहा तर सोडाच, दुपार होईल. मागून एक ट्रक येत होता. मी स्वतःला सांगितलं की ट्रकवाला थांबेल, आणि ॲक्सिलरेटर पिळला.

दहाला वीस कमी असताना मी त्या ऑफिसात होतो. मुलाखतीत मला एक प्रश्न विचारला, अपघात झाल्यावर सेफ्टी ऑफिसरने सर्वांत आधी काय करायचं? मी अगदी बरोबर उत्तर दिलं. जखमीजवळ जायचं, जागा सुरक्षित करायची, मदत बोलवायची. नोकरी लागली.

दुसऱ्या दिवशी मी पेपरात सातारा जिल्ह्याचं पान शोधलं. काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी शोधलं नाही.

मी त्या माणसाला पाडलं नव्हतं. पण मी जिथून गेलो तिथं तो होता, आणि माझ्याकडे वेळ होता जो मला खर्च करायचा नव्हता. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली, २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात तसं कलमही आलं. मदत करणाऱ्याला पोलीस अडकवू शकत नाहीत, नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत. २०११ मध्ये हा कायदा असता तर मी थांबलो असतो का? पोलिसांची भीती गेली असती. दहाची मुलाखत तशीच राहिली असती. ती मिनिटं मला परत देणारं कुणी नव्हतं, म्हणून मी गेलो, असं म्हणायची सोय आहे. पण चांगली माणसं नियम नसतानाही थांबतात, हेही मला माहीत आहे. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं मेली, त्यातली साधारण ४४ टक्के दुचाकीवरची. त्यातल्या किती जणांच्या शेजारून माझ्यासारखे घड्याळ बघत गेले असतील, याची आकडेवारी कुणी ठेवत नाही.

भाऊ म्हणायचा, "खंबाटकीत मरत नाहीत काय लोक?" आणि मी विषय बदलायचो.

२०२३ च्या सुट्टीत मी गावी आलो होतो. भावाने जैसलमेरला जाऊन वाळूत गाडी चालवायचं शिबिर करायचं ठरवलं होतं. आईने माझ्याकडे वशिला लावला, "तू सेफ्टीतला आहेस, तूच सांग त्याला." त्याला पुण्याला सोडायला मीही निघालो. त्याच्या मोठ्या बाइकवर मी मागे बसलो होतो. खंबाटकीजवळ नव्या बोगद्याचं काम चालू होतं, धूळ उडत होती. जुना बोगदा संपला आणि वळण आलं, तेव्हा मी त्याच्या खांद्यावर थाप मारली. "जरा पुढं बाजूला घे."

त्याने गाडी सुरक्षित जागी घेतली. हेल्मेट काढून मी त्याला सगळं सांगितलं. बारा वर्षांनी पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होतो. माझं बोलणं संपेपर्यंत तो एकदाही मध्ये बोलला नाही. नेहमी मध्ये बोलतो.

"मग त्याचं काय झालं?" त्याने विचारलं.

"माहीत नाही."

तो बराच वेळ वळणाकडे बघत राहिला. ट्रक एकामागून एक उतरत होते.

"जायचं तर जा जैसलमेरला," मी म्हणालो. "जॅकेट घे, मानेचा पट्टा घे, पाणी घे, एकटा जाऊ नकोस. आणि तुझ्यापुढं कुणी पडला तर..."

"थांबेन की दादा," तो म्हणाला. "त्यात काय सांगायचं?"

त्याला ते इतकं सोपं वाटत होतं. त्याने हेल्मेट घातलं, माझ्या हेल्मेटचा पट्टा ओढून बघितला आणि गाडी सुरू केली.